पडद्यावरची बंदूक आणि जिवंत माणूस

रंगभूमीवर राजा मरतो, पडदा पडतो आणि क्षणभराने तोच राजा प्रेक्षकांना अभिवादन करण्यासाठी हसतमुखाने उभा राहतो. या गोष्टीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, तिच्यामागे एक अलिखित करार आहे याचे भान सहसा राहत नाही. कलावंत जणू प्रेक्षकाला वचन देत असतो की, मी तुला मृत्यू दाखवीन, पण कुणाचा जीव घेणार नाही. या भरवशावरच प्रेक्षक डोळ्यांत पाणी आणतो आणि मनावर कोणतेही ओझे न घेता घरी परततो.

चित्रपटाच्या इतिहासात हा करार काही वेळा मोडला गेला आहे, आणि तो मोडण्यास बहुधा बंदूक कारणीभूत ठरली आहे. मारण्याची इच्छा कुणाच्याही मनात नसताना, मारण्याचा केवळ अभिनय चालू असताना, माणसे खरोखर मेली आहेत. अशा मृत्यूला अपघात म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्यातून दोन प्रश्न उभे राहतात, आणि ते केवळ चित्रपटवाल्यांचे नाहीत असे आम्हांला वाटते. पहिला प्रश्न असा की, सत्याचा आभास निर्माण करण्यासाठी माणसाचा जीव कितपत धोक्यात घालावा? दुसरा असा की, एखादे घातक साधन अनेक हातांमधून जाते, तेव्हा त्याच्या परिणामाची जबाबदारी कोणाची?

पडद्याचे आणि बंदुकीचे नाते फार जुने आहे. १९०३ साली अमेरिकेत एडविन पोर्टर यांनी 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा लहानसा चित्रपट काढला. त्यात एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांकडे रोखून पिस्तूल झाडतो. आपल्यावर रोखलेली बंदूक पाहून दचकायचे आणि आपण सुरक्षित आहोत हे जाणून सुखावायचे, ही गोडी प्रेक्षकाला तेव्हापासूनच लागली. पुढे ही गोडी पुरविण्यासाठी चित्रपटवाले कुठवर गेले, हे १९१५ साली 'द कॅप्टिव्ह' या चित्रपटाच्या वेळी दिसले. दिग्दर्शक होते सेसिल डेमिल. सैनिक बंद दारावर गोळीबार करतात असे दृश्य होते. दाराच्या ढलप्या उडालेल्या दिसाव्यात म्हणून खऱ्या गोळ्या झाडण्यात आल्या. नंतरच्या दृश्यासाठी त्या काढून बिनगोळीची काडतुसे भरण्यास सांगण्यात आले. एका बंदुकीत खरे काडतूस तसेच राहिले आणि गर्दीत काम करणारा एक माणूस जागच्या जागी मेला. एवढे होऊनही सवय सुटली नाही. १९३१ च्या 'द पब्लिक एनिमी' या चित्रपटात जेम्स कॅग्नी हा नट भिंतीच्या कोपऱ्याआड होताच, तो जिथे उभा होता तिथे मशिनगनच्या खऱ्या गोळ्या आदळतात. तो वाचला, हे नेमबाजाचे कसब. पण ज्या रचनेत माणसाचा जीव दुसऱ्याच्या कसबावर टांगलेला राहतो, ती रचना नैतिक दृष्ट्या समर्थनीय ठरते काय?

पुढील विवेचनासाठी काडतूस ही वस्तू थोडी समजून घेतली पाहिजे. साध्या काडतुसात चार भाग असतात : धातूचे कवच, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी स्फोटक टोपी, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. चाप ओढला की टोपीवर आघात होतो, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. चित्रीकरणासाठी याची दोन निराळी रूपे वापरतात. 'ब्लँक' काडतुसात टोपी आणि दारू असते, गोळी नसते; त्यामुळे आवाज येतो, ज्वाळा दिसते, नळीतून गोळी सुटत नाही. 'डमी' काडतुसात उलट गोळी असते, पण दारू नसते आणि टोपीही निकामी केलेली असते. कॅमेरा जवळ आणून भरलेले रिव्हॉल्वर दाखवायचे असेल तेव्हा त्याचा उपयोग. ही डमी खरीच डमी आहे हे ओळखता यावे म्हणून तिच्या कवचाला बाजूने भोक पाडतात, किंवा आत लहानशी गुंडी ठेवतात. काडतूस कानाशी धरून हलवले की गुंडी खुळखुळते. एवढासा खुळखुळ आवाज, पण त्यावर माणसाचे आयुष्य अवलंबून असते.

ब्लँकमध्ये गोळी नाही म्हणून ते निरुपद्रवी, हा समज अतिशय घातक आहे. १२ ऑक्टोबर १९८४ रोजी जॉन-एरिक हेक्सम हा २६ वर्षांचा अमेरिकन नट एका दूरचित्रवाणी मालिकेच्या सेटवर काम रेंगाळल्यामुळे कंटाळला होता. त्याने गंमत म्हणून ब्लँक भरलेले रिव्हॉल्वर स्वतःच्या कानशिलाला लावले आणि चाप ओढला. ब्लँकमध्ये दारू दाबून ठेवण्यासाठी कागदाचा बोळा असतो. जवळून सुटलेल्या त्या बोळ्याच्या आणि वायूच्या धक्क्याने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला. सहा दिवसांनी त्याला मृत घोषित करण्यात आले. त्याच्या आप्तांनी त्याचे अवयव दान केले आणि त्याचे हृदय दुसऱ्या एका माणसाच्या छातीत धडधडू लागले. एका क्षणाच्या थट्टेतून आलेल्या अनर्थातही कुणाला जीवदान देता आले, ही त्या कुटुंबाची थोरवी होय.

हेक्समचा दोष त्याचा स्वतःचा होता असे म्हणता येईल. ब्रँडन ली याच्या बाबतीत तसेही म्हणता येत नाही. ब्रूस ली यांचा हा मुलगा १९९३ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात विल्मिंग्टन येथे 'द क्रो' या चित्रपटात काम करीत होता. एका दृश्यासाठी डमी काडतुसे हवी होती. ती विकत आणण्याऐवजी खऱ्या काडतुसांतली दारू काढून गोळ्या पुन्हा बसविण्यात आल्या. मात्र बुडाच्या टोप्या तशाच जिवंत राहिल्या. केव्हातरी कुणीतरी चाप ओढला असावा. टोपीच्या ठिणगीने गोळी कवचातून सुटली. पण दारू नसल्याने ती बाहेर न पडता नळीतच अडकली. नळीत डोकावून पाहण्याचे कुणाच्याही मनात आले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक भरले गेले आणि ३१ मार्च रोजी दृश्यानुसार ते ब्रँडनवर झाडण्यात आले. ब्लँकच्या दारूने अडकलेली गोळी पुढे लोटली. डमीतली गोळी आणि ब्लँकमधली दारू यांची नळीत गाठ पडली, आणि दोन अर्धवट खोट्या काडतुसांचे मिळून एक खरे काडतूस झाले. ब्रँडन २८ वर्षांचा होता आणि अवघ्या १७ दिवसांवर त्याचे लग्न येऊन ठेपले होते.

सरकारी वकिलांनी या प्रकरणी कुणावरही फौजदारी खटला भरला नाही. कायद्याला येथे गुन्हेगार दिसला नाही. पण सदसद्विवेकबुद्धी कायद्यापेक्षा अधिक बारकाईने पाहते. डमी घरच्या घरी तयार करणाऱ्याने वेळ वाचवला. टोपी जिवंत आहे की नाही हे पाहणाऱ्याने पाहिले नाही. नळी तपासणे हे आपले काम आहे असे कुणालाच वाटले नाही. यांतील एकेक चूक इतकी क्षुल्लक आहे की, तिच्याबद्दल कुणी स्वतःला पापी मानणार नाही. तरी त्या सर्वांची बेरीज एका तरुणाचा मृत्यू अशी झाली. आपण जे वाईट केले त्याची आठवण ठेवतो. जे करायला हवे होते आणि केले नाही, त्याची यादी मात्र फार क्वचित करतो. पश्चात्तापाची प्रार्थना या दुसऱ्या यादीचीही आठवण करून देते, ती उगाच नव्हे.

अशा घटनांतून अमेरिकेतील चित्रपट व्यवसायाने नियम तयार केले. निर्माते आणि कामगार संघटना यांच्या संयुक्त समितीने सुरक्षिततेसंबंधी जी पत्रके काढली, त्यांतले पहिलेच पत्रक बंदुकीविषयी आहे. त्याचे सार असे : ब्लँकनेही माणूस मरू शकतो, प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून वागावे, ते कुणावरही रोखू नये, आणि जिवंत काडतूस स्टुडिओच्या आवारात आणूच नये. नट बंदूक आपल्यावरच रोखतो असे पडद्यावर दिसत असले, तरी पुष्कळदा तो कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला नेम धरतो. भिंगाची जागा अशी निवडतात की, प्रेक्षकाला ते कळत नाही. कॅमेऱ्याच्या रोखाने झाडणे अटळ असेल, तेव्हा छायाचित्रण करणाऱ्यांपुढे जाड पारदर्शक ढाल उभी करतात, किंवा कॅमेरा दुरून चालवतात. दूरच्या दृश्यात रबरी बंदुका पुरतात. शस्त्रांची राखण करणारा स्वतंत्र माणूस नेमायचा, त्याने प्रत्येक वेळी काडतुसे मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची, अशी ही शिस्त आहे. ती पाळली गेली त्या असंख्य सेटांवर काहीच घडले नाही, म्हणून त्यांची बातमी झाली नाही. दक्षतेचे यश असे मुके असते.

एवढे नियम हाताशी असताना २१ ऑक्टोबर २०२१ उजाडला. न्यू मेक्सिको राज्यात सांता फे शहराजवळच्या एका रँचवर 'रस्ट' नावाच्या चित्रपटाचे काम चालू होते. लाकडी चर्चच्या सेटवर एका दृश्याची तालीम होती. बाकावर बसलेला नट अॅलेक बाल्डविन कोटाआडून रिव्हॉल्वर काढून कॅमेऱ्याच्या दिशेने रोखतो, एवढेच त्यात करायचे होते, झाडायचे नव्हते. तत्पूर्वी सहायक दिग्दर्शकाने 'कोल्ड गन' असा पुकारा केला, म्हणजे शस्त्र थंड आहे, त्यात सुटण्यासारखे काही नाही. रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली. कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या हॅलिना हचिन्स या ४२ वर्षांच्या छायालेखिकेच्या छातीतून आरपार जाऊन ती दिग्दर्शक जोएल सूझा यांच्या खांद्यात रुतली. मूळच्या युक्रेनच्या असलेल्या हॅलिना मरण पावल्या. मागे पती आणि नऊ वर्षांचा मुलगा राहिला. तपासात त्या सेटवर सहा जिवंत काडतुसे होती असे निष्पन्न झाले. १९१५ साली जे घडले, तेच १०६ वर्षांनी पुन्हा घडले.

ही दुर्घटना आकाशातून कोसळली नव्हती. काही दिवसांपूर्वीच त्या सेटवर शस्त्रे चुकून उडाली होती. शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीवर इतर साहित्याचीही कामे टाकलेली होती. निवासाची गैरसोय आणि सुरक्षिततेबद्दलची हेळसांड यांना कंटाळून कॅमेरा विभागातील काही जण त्याच सकाळी काम सोडून निघून गेले होते. राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागाने चौकशीअंती असा ठपका ठेवला की, नियम पाळले जात नाहीत हे व्यवस्थापनाला ठाऊक होते आणि तरी ते गप्प राहिले. वेळ थोडा, पैसा थोडा, आणि तक्रार करणारा तो कटकट्या! ही मनोवृत्ती आपल्या कारखान्यांतून, बांधकामांवरून आणि वाहनांतून आपल्याही परिचयाची आहे.

न्यायालयांत निरनिराळे निकाल लागले. सहायक दिग्दर्शकाने शस्त्राच्या निष्काळजी हाताळणीचा आरोप लढविला नाही. त्याला सहा महिन्यांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीला २०२४ च्या मार्चमध्ये ज्युरीने निष्काळजीपणामुळे घडलेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले आणि एप्रिलमध्ये तिला १८ महिन्यांचा कारावास सुनावण्यात आला. बाल्डविन यांच्यावरील खटला त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायाधीशांनी कायमचा रद्द केला. कारण काडतुसांसंबंधीचा काही पुरावा बचाव पक्षापासून दडवून ठेवला गेला होता. म्हणजे नटाच्या जबाबदारीचा निवाडा न्यायालयात झालाच नाही. तो विचार करणाऱ्यांसाठी मोकळा राहिला.

एक पक्ष म्हणतो : नट हा शस्त्रतज्ज्ञ नव्हे. ज्याच्यासाठी तज्ज्ञ नेमला आहे, ते काम नटाने करू लागणे म्हणजे उलट धोका वाढविणे होय. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने २०२३ साली हीच भूमिका घेतली. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर प्रत्येक औषध स्वतः तयार करतो काय? विश्वास ठेवल्याशिवाय कोणतेही सामुदायिक कार्य चालत नाही. दुसरा पक्ष म्हणतो : बंदूक ज्याच्या हातात, तिच्या परिणामाचा धनी तोच. ती दुसऱ्याने दिली, ही सबब मेलेल्याला परत आणत नाही. बाल्डविन यांनी आपण चाप ओढलाच नाही असे सांगितले; सरकारच्या तज्ज्ञांनी चाप ओढल्याशिवाय ते शस्त्र सुटणार नाही असे सांगितले. पण हा वाद मिटला असता, तरी मूळ प्रश्न उरलाच असता.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण दोघेही जबाबदारीला भाकरीसारखी मानतात, असे आम्हांला वाटते. भाकरी चौघांत वाटली की प्रत्येकाला चतकोर मिळते. एकाने अधिक घेतली की दुसऱ्याला कमी. जबाबदारीचे तसे नाही. एका मेणबत्तीवर दुसरी पेटवली, दुसरीवर तिसरी, तरी पहिलीची ज्योत लहान होत नाही, आणि तिसरीची ज्योतही पहिलीइतकीच पूर्ण असते. जिवाच्या रक्षणाची जबाबदारी अशी हातोहात पूर्ण जाते. तज्ज्ञ पूर्ण जबाबदार आहे. म्हणून नट मोकळा होत नाही. नट जबाबदार आहे. म्हणून ज्याने पैसे वाचविण्यासाठी एका माणसावर दोन कामे लादली, तो निर्माता सुटत नाही. शिक्षा निरनिराळी असू शकेल, असावीही. कारण ज्ञान आणि अधिकार प्रत्येकाचे निरनिराळे असतात. पण दक्षतेत कुणालाही सूट नाही.

मग विश्वासाचे काय? येथे 'कोल्ड गन' या शब्दांकडे वळून पाहिले पाहिजे. ते शब्द उच्चारणाऱ्याने आतले प्रत्येक काडतूस तपासले नव्हते. ऐकणाऱ्यांनी शब्द ऐकला आणि त्यालाच पुरावा मानले. शब्द आणि वस्तुस्थिती यांच्यामधली ही फट गोळी जाण्याइतकी मोठी ठरली. आपल्या घरांतल्या ज्या मुली परिचारिका म्हणून रुग्णालयांत राबतात, त्यांना हे वेगळे सांगायला नको. धोक्याच्या औषधाचे इंजेक्शन देण्यापूर्वी त्या कुपीवरचे नाव स्वतः वाचतात आणि सोबतिणीला वाचायला लावतात. यात सोबतिणीवर अविश्वास नसतो. खाटेवरच्या रुग्णावर प्रेम असते. त्याचप्रमाणे रिव्हॉल्वर उघडून, प्रत्येक डमी कानाशी हलवून, नटाला आणि समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला दाखवणे हा कुणाचा अपमान नव्हे. याला दोन मिनिटे लागतात, आणि ज्याच्यावर नळी रोखली जाणार आहे, त्याला ती दोन मिनिटे मागण्याचा अधिकार आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. सत्याचा आभास हवा म्हणून खरे शस्त्र हवे, असा युक्तिवाद केला जातो. ब्लँकचा धक्का बसला की नटाचा खांदा आपोआप मागे जातो, पापणी लवते. हे खोटे खोटे जमत नाही, असे पुष्कळ दिग्दर्शक सांगतात. यात काही अर्थ नाही असे नाही. मायकेल मान यांच्या १९९५ च्या 'हीट' चित्रपटात लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर चाललेल्या चकमकीचा जो अंगावर येणारा आवाज आहे, तो प्रत्यक्ष चित्रीकरणात ब्लँक झाडताना ध्वनिमुद्रित केलेला आहे. पण ते दृश्य पुन्हा पाहावे. त्यात खरेपणा येतो तो केवळ आवाजाने नव्हे. नटांनी कित्येक आठवडे शिक्षण घेतले होते. म्हणून ते शस्त्र वजनदार वस्तूसारखे धरतात, गोळ्या संपल्या की थांबून पुन्हा भरतात, एकमेकांना आड देत मागे सरतात. खरेपणा अभ्यासातून आला आहे.

उलट, खऱ्या बंदुका वापरूनही चित्रपट सर्रास खोटे सांगत आले आहेत. गोळी लागलेला माणूस पाच हात मागे फेकला जातो. प्रत्यक्षात गोळीत एवढा जोर नसतो. सहा काडतुसांचे रिव्हॉल्वर दहा वेळा उडते. बंदुकीचा आवाज बहुधा १४० डेसिबलच्या वर असतो, आणि तो कानांना कायमची इजा करू शकतो. पण पडद्यावर बंद खोलीत गोळीबार करून लोक लगेच कुजबुजत बोलतात. सायलेन्सर लावला की नुसता फुस्स असा आवाज येतो, हीही कल्पनाच. म्हणजे प्रेक्षक ज्याला वास्तव समजतो, ती बहुतांशी पडद्यानेच लावलेली सवय आहे. अशा असत्याला सत्याचा रंग चढविण्यासाठी कुणाची आई, कुणाचा भावी पती धोक्यात घालावा, हे कोणत्या तराजूत बसते?

शिवाय आता दुसरा मार्गही आहे. ब्रँडन लीच्या मृत्यूनंतर 'द क्रो' पुरा करण्यासाठी त्याच्या जागी चॅड स्टाहेल्स्की नावाचा तरुण उभा राहिला होता. पुढे त्याच तरुणाने २०१४ साली 'जॉन विक' हा चित्रपट दिग्दर्शित केला. शस्त्रांच्या हाताळणीतील अचूकपणासाठी तो वाखाणला गेला. नायक कियानू रीव्ह्ज यांनी नेमबाजीचे कसून शिक्षण घेतले; पण पडद्यावर नळीतून निघणारी ज्वाळा मुख्यतः संगणकावर नंतर काढलेली आहे. मित्राच्या जागी उभे राहून ज्याने एक अपूर्ण काम पुरे केले, त्यानेच पुढे हे दाखवून दिले.

याचा अर्थ कलेत धोकाच नको असे नव्हे. घोडदौड, उडी, आग, तलवार या सर्वांत धोका आहे, आणि जाणून उमजून तो पत्करणारे कसबी लोक आदरास पात्र आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, धोका पत्करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : दुसरा मार्ग खरोखर नाही काय, धोका ज्याच्या वाट्याला येणार, त्याला तो पूर्णपणे सांगितला आहे काय, आणि 'थांबा' म्हणण्याचा अधिकार सेटवरच्या सर्वांत कनिष्ठ माणसालाही आहे काय? हॅलिना हचिन्स यांच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी येतात.

'रस्ट' पुढे पुरा करण्यात आला. २०२३ साली माँटाना राज्यात उरलेले काम झाले; हॅलिना यांचे पती कार्यकारी निर्माते म्हणून त्यात सहभागी होते, आणि जखमी झालेले सूझा पुन्हा दिग्दर्शनासाठी उभे राहिले. या वेळी चालू स्थितीतली शस्त्रे आणि कोणत्याही प्रकारची काडतुसे यांना सेटवर मनाई होती. २०२५ साली चित्रपट लोकांपुढे आला. त्या मनाईनंतरही चित्रपट पुरा होऊ शकला, ही गोष्ट समाधानाची खरी, पण मनाला चटका लावणारीही आहे. जे नंतर शक्य झाले, ते आधीही शक्य होते.

आपण प्रेक्षक या साखळीच्या बाहेर आहोत काय? तिकिटाचे पैसे आणि घरातल्या पडद्यापुढचा वेळ देऊन आपणच सांगत असतो की, आम्हांला काय हवे. मुलांबरोबर असा चित्रपट पाहताना हे कसे दाखवले असेल, कुणाला इजा तर झाली नसेल ना, एवढा प्रश्न त्यांच्या मनात पेरला, तरी बंदुकीच्या धुरापलीकडे कॅमेऱ्याशेजारी उभी असलेली माणसे त्यांना दिसू लागतील. आणि आपापल्या कामाच्या जागी, मग ती यंत्रापाशी असो, वाहनात असो की रुग्णाच्या उशाशी, 'सारे ठीक आहे' हा शब्द कानी पडताच स्वतः एकदा उघडून पाहण्याची सवय आपल्याही हातांना लागेल. ज्या चुका इतक्या लहान असतात की त्यांची आठवणही राहत नाही, त्यांच्यापासून दुसऱ्याचा जीव राखण्याचा याहून खात्रीचा उपाय आम्हांला तरी माहीत नाही.